डीलर मीट, जुलै २०२५ : पणजीतल्या कामाच्या नोंदी

२१ एप्रिल २०२५, सोमवार

कोल्हापूरकडच्या एका पंप कंपनीचं बैठक आयोजनाचं काम आलं. शेतीचे सबमर्सिबल आणि मोनोब्लॉक पंप बनवतात. डीलर मीट गोव्यात हवी आहे, तीही भर जुलैत. जुलैच का, हे मार्केटिंगच्या साहेबांनी फोनवरच समजावलं. फेब्रुवारी ते मे डीलरला जेवायला फुरसत नसते. पेरण्या आटोपल्या आणि पाऊस लागून राहिला की दुकानात शुकशुकाट. आमच्या हॉटेलांचाही तोच मंदीचा काळ, त्यामुळे दर आवाक्यात येतात.

डीलर १२०, कंपनीची माणसं ३० च्या आसपास. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, सिंधुदुर्ग, बेळगाव-निपाणी पट्टा.

गेल्या वर्षीचा कार्यक्रम मागवून घेतला. स्वागत, मालकांचं भाषण, विक्री प्रमुखांचं भाषण, नवीन मॉडेल, बक्षिसं, जेवण. मी विचारलं, यात डीलर कधी बोलले? साहेब म्हणाले, "जेवताना बोलतात की मॅडम." दीडशे माणसं घाट उतरवून आणायची, दोन दिवस त्यांची दुकानं बंद ठेवायची आणि त्यांचं म्हणणं पापडासोबत ऐकायचं, हे मला पटत नाही. प्रस्तावात सगळ्यात वर लिहिलं : तीन तासांचं एक सत्र फक्त डीलरांच्या बोलण्याचं. बाकी सगळं त्याच्या अवतीभवती बसवायचं.

२९ एप्रिल, मंगळवार

तारखा ठरल्या. १७ जुलैला संध्याकाळी आगमन, १८ आणि १९ ला बैठक, २० ला सकाळी परत.

कंपनीला जुलैचा शेवटचा आठवडा हवा होता. पण २५ जुलैला श्रावण लागतो. श्रावणात निम्मी मंडळी मांसाहार सोडतात, दारूला शिवत नाहीत, आणि घरची पूजा, व्रतं टाकून परगावी यायला नाखूश असतात. आषाढी ६ जुलैला. वारीला जाणारे डीलर या पट्ट्यात भरपूर, त्यांना परत येऊन दुकान लावायला आठवडा हवा. त्यानंतरची कामिका एकादशी २१ ला, सोमवारी. मधली १८-१९ मोकळी मिळते. महाराष्ट्रातल्या लोकांची बैठक ठरवताना मी आधी पंचांग उघडते, मग हॉटेलचं कॅलेंडर.

६ मे, मंगळवार

जागा पाहून झाल्या. मोठे हॉल दक्षिणेत, वार्का-केळशी-मोबोर किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांत आहेत. चांगले आहेत. पण ही मंडळी आंबोलीमार्गे सावंतवाडी-बांदा करून पत्रादेवीला गोव्यात शिरणार. त्यांना पणजी ओलांडून, झुआरी ओलांडून पुढे नेलं तर दिवसभर बसलेल्या माणसाच्या अंगावर आणखी दीड तास. कळंगुट-बागा जवळ पडतं, पण तिथे संध्याकाळी माणसं विखुरतात आणि सकाळच्या सत्राला खुर्च्या रिकाम्या दिसतात.

दोनापावलाच्या बाजूचं एक हॉटेल पक्कं केलं. ७८ खोल्या, डीलरांना ट्विन शेअरिंग. हॉलमध्ये मधे खांब नाहीत, हे पहिलं पाहिलं. दुसरं पाहिलं ते मागचं दार : जेवणाच्या ट्रॉल्या हॉलच्या भिंतीलगतच्या वाटेने जात असतील, तर भांड्यांचा आवाज बोलणाऱ्याच्या आवाजात मिसळतो. इथे स्वयंपाकघराची वाट वेगळी आहे. तिसरं, जनरेटर. पावसात वीज जाणारच, ती किती सेकंदांत परत येते ते समोर चालू करून दाखवायला लावलं. साऊंड कन्सोल आणि प्रोजेक्टरला यूपीएस वेगळा घ्यायचा, करारात लिहून घेतलं.

बँक्वेटचे प्रमुख जुने ओळखीचे. त्यांनी थिएटर पद्धतीने खुर्च्या मांडायचा आराखडा काढून ठेवला होता. म्हटलं, बाब, रांगा नकोत, टेबलं हवीत. ते म्हणाले, "जाता, करूंया. पूण हॉल व्हडलो लागतलो." बरोबरच आहे. रांगांत ३०० बसतात त्या हॉलमध्ये टेबलं टाकली की निम्मेच मावतात. म्हणून मोठा हॉल घेतला आणि मंचाच्या सजावटीचा खर्च कापला.

१५ मे, गुरुवार

आज कंपनीच्या सीएंशी बोलणं. हे बोलणं नियोजनाच्या सुरुवातीला व्हायला हवं, बिलं आल्यावर नाही.

पहिला विषय जीएसटी. हॉटेलची खोली, हॉल आणि तिथल्या कार्यक्रमाशी जोडलेली सेवा, यांचं पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे ती वास्तू जिथे आहे ते राज्य. हॉटेलने थेट कंपनीला बिल दिलं तर त्यावर गोव्याचा सीजीएसटी-एसजीएसटी (जीएसटीतला केंद्राचा आणि राज्याचा वाटा) लागतो, आणि कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात. म्हणजे हॉलवरचे १८ टक्के आणि साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचे, मे २०२५ च्या दराने, १२ टक्के, दोन्हींचं क्रेडिट (भरलेला कर वजा करून घ्यायची सोय) गेलं. आमची नोंदणी गोव्यातली. हॉटेलचं बिल आमच्या नावे घ्यायचं आणि आम्ही कंपनीला आयोजनाच्या सेवेचं बिल आयजीएसटी (दोन राज्यांतल्या व्यवहारावरचा जीएसटी) लावून द्यायचं, असं ठरलं. दारू जीएसटीच्या कक्षेबाहेर, तिचं बिल वेगळं निघेल.

दुसरा विषय जास्त महत्त्वाचा निघाला. मालकांच्या मनात होतं की टार्गेट गाठलेल्या ६० जणांनाच बोलवावं आणि बायकोलाही आणू द्यावं. सीएंनी आयकराचं कलम १९४आर काढलं. १ जुलै २०२२ पासून धंद्यातल्या माणसाला वर्षात २० हजारांच्या वर लाभ दिला, तो वस्तूच्या रूपात असला तरी, त्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे देतानाच कापायचा आयकर. नव्या मालाची माहिती, विक्रीची पद्धत, डीलरांच्या शंका यासाठीची परिषद असेल तर तो खर्च लाभ धरत नाहीत. पण टार्गेट गाठलेल्या निवडकांसाठीच बक्षीस म्हणून ठेवली, सहल जोडली, कुटुंब आणलं किंवा आगेमागे मुक्काम वाढवला, तर तेवढा भाग लाभ. आदला एक दिवस आणि नंतरचा एक दिवस चालतो. आपलं १७ ते २० त्यात बसतं.

सगळ्या १२० जणांना बोलवायचं नक्की झालं. मला याचा फार आनंद झाला. जो डीलर टार्गेट गाठू शकला नाही, त्याच्याकडेच तर सांगण्यासारखं असतं.

२ जून, सोमवार

कंपनीकडून सुधारित कार्यक्रम आला. डीलरांचं सत्र शनिवारी दुपारी जेवणानंतर, पाऊण तास. शुक्रवारी संध्याकाळी मांडवीतलं कॅसिनो जहाज, शनिवारी रात्री डीजे.

सविस्तर उत्तर लिहिलं. शनिवारी दुपारी, दुसऱ्या दिवशीच्या जेवणानंतर, माणूस फक्त परतीचं सामान भरतो. पाऊण तासात १२० जणांपैकी सहा बोलतील, आणि ते नेहमीचेच सहा असतील. कॅसिनोचा खर्च सरळ करमणुकीत जाईल, म्हणजे पुन्हा टीडीएस. शिवाय रात्री दोनला परतलेली मंडळी शनिवारी सकाळी कुठे सापडणार?

माझी मांडणी अशी : सत्र शुक्रवारी सकाळी १० ते १, सगळ्यात आधी. प्रश्न शुक्रवारी, उत्तरं शनिवारी सकाळी. मधल्या रात्री मालक आणि त्यांची माणसं बसून उत्तरं तयार करतील. समोर उभं राहून तिथल्या तिथे उत्तर द्यायला लावलं की मोठा माणूस बचावाला उतरतो. रात्रभराचा वेळ मिळाला तर तो विचार करतो. नवीन मॉडेल शुक्रवारी दुपारी, बक्षिसं शनिवारी जेवणाआधी.

संध्याकाळसाठी सुचवलं, शुक्रवारी जेवणाआधी तासभर नाट्यसंगीत. फोंड्याकडची गाणारी मंडळी तयारीची आहेत. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही आणि गोव्यात त्याबद्दल न्यायालयाने कडक भूमिका घेतलेली आहे, त्यामुळे लॉनवरचा डीजे तसाही दहाला बंद करावा लागला असता.

शनिवारी दुपारी ज्यांना हवं त्यांना मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा आणि कवळ्याची शांतादुर्गा. यादीतल्या बऱ्याच जणांचं कुलदैवत याच देवळांत आहे. या फेरीचा खर्च वेगळ्या खात्यात दाखवायला सीएंना सांगितलं.

५ जून, गुरुवार

मालकांचा स्वतःचा फोन. "तुम्ही म्हणता तसं करू. पण तक्रारींचा पूर आला तर?" म्हटलं, साहेब, पूर आहेच, फक्त तो सध्या तुमच्या दुकानदाराच्या गल्ल्यापाशी आहे.

मंजूर.

१२ जून, गुरुवार

डीलरांना फोन करायला घेतले. सगळ्यांना नाही, प्रत्येक जिल्ह्यातले दोन-तीन. बैठकीत काय बोलावंसं वाटतं, एवढाच प्रश्न. मला पंपातलं कळत नाही, पण कोणत्या विषयाला किती वेळ लागेल हे या फोनांशिवाय कळणार नाही.

जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी पहिला विषय सौर पंप. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने १० टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के, आणि जमिनीप्रमाणे ३, ५ किंवा ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. पुरवठा सरकारी यादीतल्या एजन्सीचा, पाच वर्षांची दुरुस्तीही तिचीच. जतकडचे एक जुने डीलर म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक माझं तीस वर्षांचं. पंप बसवला दुसऱ्यानं. बंद पडला की येतो माझ्याच दारात. मी त्याला नाही कसं म्हणू, आणि करू तर पैसे कुणाकडे मागू?" हा प्रश्न मी त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवला.

दुसरा विषय जळलेल्या मोटारी. रात्री तीन फेज येते, दाब कमी असतो, शेतकऱ्याने वीज आली की पंप आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच लावलेला असतो, वाइंडिंग जळतं. कंपनी वॉरंटी नाकारते आणि तोंड दाखवावं लागतं डीलरला. परांड्याचा एक तरुण म्हणाला, नाकारा, पण पंधरा दिवसांत नाकारा. दोन-दोन महिने मोटार कारखान्यात पडून राहते आणि इकडे उभं पीक वाळतं.

तिसरा, उधारीचे दिवस. त्यावर सगळेच बोलले.

या विषयांची नावं कंपनीला कळवली, बोलणाऱ्यांची नाही.

२४ जून, मंगळवार

आज सांजांव, गोव्यातला सेंट जॉनचा सण. रस्त्यात फुलांची कोपेलं (मुकुट) घातलेली पोरं, विहिरींवर गर्दी. शेफ अर्धा दिवसच भेटले, मेनू तेवढ्यात झाला.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. गोव्यात आलो म्हणजे ताजा सुरमई-पापलेट, या अपेक्षेने येणाऱ्यांना जुलैत गोठवलेलं किंवा परराज्यातून आलेलं वाढलं जातं. मासळी एकाच जेवणाला ठेवली, खाडीतल्या तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि सोलकढी. एरवी कोंबडीची शागोती, मुगागाठी, खतखतं, टायकिळ्याची भाजी. कंपनीची तांबडा-पांढऱ्याची मागणी होती, ती नम्रपणे नाकारली. कोल्हापूरच्या माणसाला दोनापावलात तांबडा-पांढरा वाढून त्याचं समाधान कुणी करू शकत नाही.

चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारे ११, त्यांचं पातेलं वेगळं. शनिवार धरणारे १४, त्यांना वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, नुसत्या साबुदाण्यावर भागवायचं नाही. जैन २. ही यादी फोनवर प्रत्येकाला विचारून केली आहे आणि एफपीला (हॉटेलच्या कार्यक्रम-तपशिलाच्या पत्रकाला) जोडली आहे.

५ जुलै, शनिवार

आजचा दिवस बैठकव्यवस्थेचा. मला या कामातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

सहा फुटी गोल टेबलाला १० जण बसतात, पण त्यातल्या चौघांची पाठ मंचाकडे जाते. म्हणून टेबलाची मंचाकडची बाजू मोकळी सोडून सहा डीलर. २० टेबलं, १२० माणसं. सातवी खुर्ची कंपनीच्या टिपणाऱ्या माणसाची. तो सर्व्हिस किंवा डिझाइन विभागातलाच हवा. विक्री अधिकारी एकाही टेबलावर नाही. ज्याच्याकडून माल उचलायचा त्याच्यासमोर डीलर मोकळेपणी बोलत नाही. याला विक्री विभागाने विरोध केला, मालकांनी माझी बाजू घेतली.

टेबलं विक्रीच्या आकड्यांप्रमाणे लावायची नाहीत. पाण्याप्रमाणे लावली. ऊस आणि नदीकाठचे एकत्र, खोल बोअरवेलवाले एकत्र, द्राक्ष-डाळिंबवाले एकत्र, कोकणातले विहिरीवाले एकत्र. ज्याचा पंप ५०० फुटांवर चालतो आणि ज्याचा ३० फुटांवर, त्यांच्या अडचणी वेगळ्या. सारख्या अडचणीची माणसं शेजारी बसली की पहिली पाच मिनिटं अवघडलेपणात जात नाहीत.

पहिला तास टेबलावर बोलणं. दुसऱ्या तासात प्रत्येक टेबलाने तीनच प्रश्न निवडायचे, चिठ्ठीवर लिहायचे. तिसऱ्या तासात प्रत्येक टेबलाचा एक माणूस उभा राहून ते वाचणार, तीन मिनिटं. २० टेबलं, बरोबर एक तास. वाचणारा टेबलातला सगळ्यात तरुण माणूस असावा असं सुचवलं आहे, म्हणजे ज्येष्ठांचा मान राखून भाषण टळतं.

हॉल ७० फूट खोल. शेवटच्या माणसाचं अंतर पडद्याच्या उंचीच्या सहा पटींहून जास्त नको, आणि इथला पडदा ८ फुटी. म्हणजे ४८ फुटांपुढे अक्षर वाचता येणार नाही. मधल्या भागात दोन बाजूंना दोन पडदे जास्तीचे. सगळ्या स्लाइड मराठीत, एका स्लाइडवर सहा ओळींच्या वर नाही. फिरते माईक सहा. मंचावर माईक एकच, तोही या तीन तासांत बंद.

१५ जुलै, मंगळवार

घाटात पाऊस लागून राहिलाय. चालकांना पक्कं सांगितलं : उजेड असेपर्यंत आंबोली उतरायची, त्यामुळे कोल्हापूरहून दुपारी बाराच्या आत निघायचं. बेळगावची बस चोर्ल्याने न आणता तीही आंबोलीनेच. परतीला रविवार, आणि जुलैतल्या रविवारी आंबोलीच्या धबधब्यावर गाड्यांची रांग लागते. म्हणून हॉटेलहून सकाळी साडेसहाला निघणं, नाश्ता डब्यात.

सगळ्यांना सूचना गेली : बसमध्ये बाटल्या नेऊ नयेत, इन्सुलीच्या उत्पादन शुल्क नाक्यावर तपासणी असते आणि एकाच्या पिशवीपायी सगळी बस उभी राहते. काजू हवे तेवढे न्या.

१७ जुलै, गुरुवार

पाचही बस उजेडात पोचल्या. खोल्यांच्या चाव्या बसमध्येच वाटल्या, काउंटरवर रांग लागली नाही. रात्री ९ नंतर टिपणाऱ्या २० जणांना तासभर शिकवलं. एकच नियम : समजावून सांगायचं नाही, फक्त लिहायचं. एका तरुण इंजिनिअरने विचारलं, डीलर चुकीचं बोलला तर? तरी लिहायचं.

१८ जुलै, शुक्रवार

सत्र झालं. पुरे तीन तास.

सुरुवातीला मालक दोनच मिनिटं बोलले आणि खाली मागच्या टेबलाशी जाऊन बसले. अकराच्या सुमारास वीज गेली, जनरेटर लागेपर्यंत हॉलमध्ये अंधार. कुणी बोलणं थांबवलं नाही. अंधारातही २० टेबलांवर बोलणं चाललेलं ऐकू येत होतं. तेव्हाच मला खात्री पटली.

६० चिठ्ठ्या. ३१ सौर पंपाच्या दुरुस्तीबद्दल, त्यातल्या एका टेबलाने तक्रारीऐवजी सरळ प्रस्ताव लिहिला : आम्हाला सौर पंपाच्या कंट्रोलरचं प्रशिक्षण द्या, एजन्सीशी कंपनीने बोलावं, दर ठरवावेत, दुरुस्ती आम्ही करतो. हे वाचणारा परांड्याचा तोच तरुण. वाचताना त्याचा हात थरथरत होता, तीन मिनिटं झाली तरी घंटा वाजवली नाही मी.

संध्याकाळी गाणं चांगलं रंगलं. मालक मात्र अर्ध्यात उठले, त्यांची माणसं घेऊन छोट्या बैठकीच्या खोलीत गेले. चहा रात्री एकपर्यंत पाठवत होतो.

१९ जुलै, शनिवार

उत्तरं. वॉरंटीच्या मोटारीचा निर्णय २१ दिवसांत, नाहीतर बदली मोटार. सौर कंट्रोलरचं प्रशिक्षण सुरू करायचं, पहिली तुकडी सप्टेंबरमध्ये कारखान्यात. उधारीचे दिवस वाढवायला मालकांनी स्पष्ट नकार दिला आणि व्याजाचा आकडा पडद्यावर दाखवून कारण सांगितलं. नाराजी झाली, पण कुणी उठून गेलं नाही. खरा नकार माणसं ऐकून घेतात.

देवदर्शनाला ७४ जण गेले, धो धो पावसात.

२० जुलै, रविवार

साडेसहाला निघायच्या होत्या, शेवटची बस सहा पन्नासला सुटली. सगळ्या साडेनऊच्या आत आंबोली चढल्या.

४ ऑगस्ट, सोमवार

हिशेब पूर्ण. हॉटेलने न वापरलेल्या चार खोल्यांचे पैसे लावले होते. आपण गॅरंटी संख्या (नक्की पैसे देऊ ती संख्या) ठरलेल्या मुदतीच्या आत कमी केल्याचा मेल दाखवला, ते वगळले. आयजीएसटीचं बिल कंपनीला गेलं. दारूचं वेगळं.

कंपनीने ६० चिठ्ठ्या टाइप करून, प्रत्येकीसमोर उत्तर आणि जबाबदार माणसाचं पद लिहून सगळ्या १२० जणांना पाठवल्या. प्रत माझ्याकडे आली. १७ चिठ्ठ्यांसमोर अजून ‘विचाराधीन’ आहे. मार्केटिंगच्या साहेबांना फोन केला, म्हटलं, त्या १७ ना चवथीच्या आधी तारीख द्या. चवथ २७ ऑगस्टला. ते म्हणाले, हे तुमच्या कामात बसतं का? म्हटलं, बसतं. पुढच्या वर्षीच्या तारखांवर मी त्यानंतरच बोलेन, असंही सांगितलं. अधिक महिना आल्यामुळे पुढच्या वर्षी श्रावण ऑगस्टच्या मध्यावर जातो, म्हणजे जुलैला श्रावणाची अडचण नाही, पण आषाढी २५ जुलैला येते, वारी सांभाळूनच तारीख शोधावी लागेल.